विचारपूस : गावाच्या आरोग्याचे बिनखर्ची साधन

पिकावर रोग पडला म्हणजे पान डागाळते. जनावर आजारी झाले म्हणजे ते रवंथ करीनासे होते. शेतकऱ्याच्या सरावलेल्या नजरेला ही लक्षणे दुरूनही दिसतात आणि तो वेळीच उपाय करतो. माणसाचे एक दुखणे मात्र असे आहे की, ते अंगावर डाग उठवीत नाही, ताप आणीत नाही आणि बांधावरून पाहणाऱ्याला मुळीच दिसत नाही. ते दुखणे म्हणजे एकाकीपणा होय. प्रस्तुत लेखात त्याचा विचार करावयाचा आहे.

शेतीविषयक पत्रिकेत हा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याही मनात तो आला असता. परंतु नोकरीच्या आरंभी घडलेल्या एका प्रसंगाने माझे मत बदलले. तो प्रसंग मला भूषणावह नाही. तरीही गावपातळीवर काम करणाऱ्या सहकाऱ्यांना त्यापासून काही घेता येईल, म्हणून तो येथे सांगतो.

एका निरोगी पानाची गोष्ट

त्या वेळी माझी नेमणूक रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्यात होती. डोंगराच्या कुशीतील एका वाडीतून सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी आमच्याकडे सल्ल्यासाठी येत. आंब्याची वीसेक कलमे, थोडी भातखाचरे आणि घरामागे काजूची काही झाडे, एवढी त्यांची शेती. पहिल्या खेपेस ते करप्याने डागाळलेली आंब्याची पाने घेऊन आले. मी त्यांना फवारणीचे औषध व त्याचे प्रमाण लिहून दिले. पंधरवड्याने ते मोहोरावरील तुडतुड्यांची तक्रार घेऊन आले. तिसऱ्या खेपेस त्यांनी पिशवीतून एकच पान काढून माझ्यापुढे ठेवले. ते पान हिरवेगार व तुकतुकीत होते. मी ते उलटसुलट करून पाहिले. त्यावर रोगाची खूण नव्हती.

त्या दिवशी माझ्यापुढे अहवालांचा ढीग होता. मी म्हणालो, "काका, हे पान अगदी निरोगी आहे. एवढ्यासाठी दोन गाड्या बदलून कशाला येता?" त्यांनी पान पुन्हा पिशवीत ठेवले, "बरं साहेब," म्हणाले आणि निघून गेले. त्यानंतर ते आले नाहीत. काम मार्गी लागले, असे समजून मीही ती गोष्ट विसरलो.

श्रावणात त्या भागातील आशा कार्यकर्तीकडून मला कळले की, ओल्या पायरीवरून घसरून ते पडले होते. एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाचा बराचसा वेळ ते आपल्याच पडवीत पडून होते. चुकलेली गाय शोधत पलीकडच्या वाडीतील एक बाई आल्या, तेव्हा त्यांना कण्हणे ऐकू आले. मांडीचे हाड मोडले होते, रक्तदाब फार वाढलेला होता. घरात रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, पण दोन महिन्यांपूर्वी आणलेल्या त्या पाकिटांतील मोजक्याच गोळ्या घेतलेल्या होत्या. सकाळी केलेली पेज तीच रात्री खावयाची, असा त्यांचा क्रम कित्येक महिने चालला होता. दोन्ही मुलगे मुंबईस नोकरीला. ते नियमाने पैसे पाठवीत आणि दर रविवारी फोनही करीत. त्यांना दोष देता येणार नाही. वाडीतील अकरा घरांपैकी सात घरांना कुलपे होती. ती गणपतीस आणि शिमग्यास काय उघडत, तेवढीच.

मी रुग्णालयात भेटावयास गेलो. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर ते म्हणाले, "साहेब, ते पान चांगले आहे हे मला ठाऊक होते. चाळीस वर्षे कलमे सांभाळली मी."

मला काही उत्तर देता आले नाही. महाविद्यालयात पानावरील डाग ओळखावयास मी शिकलो होतो. पान घेऊन आलेल्या माणसाकडे पाहण्यास मात्र शिकलो नव्हतो.

एकटे राहणे व एकाकी असणे

पुढे जाण्यापूर्वी दोन शब्दांतील फरक ध्यानात घेतला पाहिजे. एकटे राहणे ही बाहेरून दिसणारी व मोजता येणारी स्थिती आहे. घरात किती माणसे आहेत, महिन्यातून किती जणांशी बोलणे होते, अडीनडीला धावून येणारे कोणी आहे काय, हे विचारले म्हणजे ती कळते. एकाकीपणा ही मनाची वेदना आहे. आपणास जेवढी व जशी सोबत हवी तेवढी मिळत नाही, ह्या जाणिवेतून ती उत्पन्न होते. डोंगरावरच्या खोपटात एकटा राहणारा गुराखी सुखी असू शकतो. उलट पंधरा माणसांच्या घरात नव्याने आलेली सून किंवा कर्जाची गोष्ट कोणापाशीही न बोलणारा कर्ता पुरुष अत्यंत एकाकी असू शकतो. म्हणून केवळ घरातील डोकी मोजून हा प्रश्न कळणार नाही. तसेच, स्वेच्छेने घेतलेला एकांत म्हणजे आजार नव्हे, हेही विसरता कामा नये.

शरीरावर होणारा परिणाम

एकाकीपणा हे मनाचे लाड आहेत, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२३ मध्ये सामाजिक संबंधांच्या अभ्यासासाठी एक आयोग नेमला. त्याचा अहवाल जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. जगातील दर सहा माणसांपैकी एकास एकाकीपणा जाणवतो आणि वर्षाकाठी सुमारे ८,७१,००० मृत्यूंशी त्याचा संबंध आहे, असा अंदाज त्या अहवालात दिला आहे. त्यापूर्वी २०१० साली १४८ पाहण्यांतील ३,०८,८४९ व्यक्तींची माहिती एकत्र करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ज्यांचे नातेसंबंध भक्कम होते, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी अधिक आढळली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, ज्यांचे सामाजिक संबंध तोकडे होते त्यांना हृदयविकाराचा धोका २९ टक्क्यांनी व पक्षाघाताचा धोका ३२ टक्क्यांनी अधिक असल्याचे दिसून आले. ह्यांपैकी बहुतेक पाहण्या उत्तर अमेरिका व युरोपातील आहेत. तरी माणसाच्या शरीराची रचना सर्वत्र सारखीच असल्याने त्यांचा बोध आपणासही घेता येतो.

हे घडते कसे? कळपातून चुकलेले जनावर सतत कान टवकारून असते. त्याला नीट चरता येत नाही व स्वस्थ बसताही येत नाही. माणसाचेही तसेच होते. आपल्या पाठीशी कोणी नाही, ही भावना दीर्घकाळ राहिली म्हणजे शरीर सदैव संकटाच्या तयारीत राहते. ताण उत्पन्न करणारी द्रव्ये रक्तात वाढतात, झोप तुटक होते, रक्तदाब चढतो. हा झाला आतील परिणाम. बाहेरील परिणाम त्याहून सोपा आहे. एकट्या माणसास चूल पेटवावीशी वाटत नाही. गोळी घेतली काय, असे विचारणारे कोणी नसते. पायाला जखम झाली तर ती पाहणारे नसते आणि मधुमेह असल्यास तीच जखम चिघळते. करमणूक म्हणून तंबाखू आणि दारू वाढते. दवाखान्यात जाण्यास सोबत नसते, म्हणून दुखणे हाताबाहेर जाईपर्यंत अंगावर काढले जाते. वृद्धापकाळी बोलणेचालणे थांबले की स्मरणशक्ती क्षीण होण्याचा धोकाही वाढतो.

ह्याचा परिणाम शेतीवरही होतो. ज्याचे मन खचले आहे त्याची पेरणी मागे पडते, खुरपणी राहून जाते आणि विम्याची मुदत टळते. आम्ही त्यास आळशी म्हणून मोकळे होतो.

गावात हे कसे शिरले?

खेड्यात सर्वजण एकमेकांस ओळखतात, तेथे एकाकीपणा कसला, असे शहरवासी म्हणतात. ह्या म्हणण्यात पूर्वी पुष्कळ तथ्य होते आणि त्याचे एक कारण शेतीच्या पद्धतीत होते. एकट्याचे औत जमिनीस पुरे पडत नसे, म्हणून शेजारी आपापली औते घेऊन एका दिवसात एकाचे रान नांगरून देत आणि ज्याचे काम असेल तो सर्वांना जेवू घाली. ह्यास इर्जिक म्हणत. कोठे सावड, कोठे वारंगुळा, तर जुन्नर-आंबेगावकडील आदिवासी भागात भातखाचरे तयार करण्याच्या कामी पडकई, अशी ह्या प्रथांची नावे होती. कापणीच्या रांगेत भलरी म्हटली जाई. मळणीच्या रात्री खळ्यावर राखणीस माणसे असत. स्त्रिया पहाटे जात्यावर समोरासमोर बसून दळीत आणि मनातील दुःख ओवीत सांगून टाकीत. हेमा राईरकर व गी पॉइटव्हिन ह्यांनी ग्रामीण स्त्रियांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यावरून ह्या बोलण्याचा व्याप किती मोठा होता, हे कळून येते.

नंतर यंत्रे आली. ट्रॅक्टरने तासाभरात रान नांगरून होऊ लागले, मळणीयंत्राने खळे संपविले, पिठाच्या गिरणीने जाते बंद केले, नळाने पाणवठा घरात आणला. ह्या सुधारणा आवश्यक होत्या. त्यांनी स्त्रियांच्या व बैलांच्या मानेवरील ओझे उतरविले, आणि त्या मागे घ्याव्या असे कोणीही समंजस माणूस म्हणणार नाही. परंतु कष्टांबरोबर कष्टांतील सोबतही गेली, हे आपल्या ध्यानात आले नाही. पूर्वी माणसे कामासाठी एकत्र येत आणि त्या निमित्ताने सुखदुःखाची बोलणी होत. आता काम एकट्याने उरकते, म्हणून बोलण्याचे निमित्तच उरले नाही.

त्यातच जमिनीचे तुकडे होत गेले. महाराष्ट्रात १९७०-७१ साली एका खातेदाराची सरासरी जमीन ४.२८ हेक्टर होती. ती २०१५-१६ च्या कृषिगणनेत १.३४ हेक्टर झाली. एवढ्यात घर भागेना, म्हणून तरुण बाहेर पडले. रत्नागिरी व सिंधुदुर्ग ह्या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा २०११ साली कमी भरली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, ह्याचा अर्थ पुरुष कामासाठी बाहेर होते. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात आणि हंगाम संपेपर्यंत गावात बव्हंशी म्हातारी माणसे व मुले राहतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील दहा कोटींहून अधिक माणसे होती व त्यांपैकी ७१ टक्के ग्रामीण भागात होती. कोकणात पूर्वी पोस्टमन मनिऑर्डर घेऊन येई, ओटीवर टेके, पत्र वाचून दाखवी. आता पैसे बँकेच्या खात्यात जमा होतात. पैसे अधिक सुरक्षित व लवकर मिळतात. ओटीवर टेकणारा माणूस मात्र येत नाही.

पूर्वीचे गाव सोन्याचे होते, असा ह्याचा अर्थ कोणी करू नये. त्या गावानेही अनेकांना दूर ठेवले होते. गावकुसाबाहेरील वस्तीस पाणवठ्यावर मज्जाव होता. विधवेस हळदीकुंकवास बोलावीत नसत. बाहेर टाकलेल्या माणसाचे दुःख त्या काळीही तेवढेच तीव्र होते. तेव्हा जुने गाव परत आणणे हे आपले ध्येय नसून, कोणासही बाहेर न ठेवणारी नवी सोबत निर्माण करणे हे आहे.

कर्जबाजारी शेतकऱ्याचे मौन

ह्या प्रश्नाची सर्वांत गंभीर बाजू म्हणजे शेतकऱ्यांच्या आत्महत्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० व्यक्तींनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी ४,२४८ महाराष्ट्रातील होत्या. पावसाची अनिश्चितता, पडलेले भाव, कर्ज, आजारपण अशी ह्याची कारणे अनेक आहेत आणि केवळ गोड बोलण्याने कर्ज फिटत नाही. भाव, सिंचन व पतपुरवठा ह्यांचे प्रश्न त्या त्या ठिकाणीच सोडविले पाहिजेत. परंतु तेवढेच कर्ज असलेले दोन शेतकरी असतील, तर ज्याला आपली अडचण शेजाऱ्यापाशी मोकळेपणाने सांगता येते तो पुष्कळदा तग धरतो. ज्याने लाजेपोटी बाजारास जाणे सोडले, लग्नकार्यास जाणे टाळले आणि घरातही तोंड मिटले, त्याला मार्ग असूनही दिसेनासा होतो.

अनुभवास आलेले उपाय

ह्यावर काही करता येते काय? येते, असे आपल्याच राज्यातील अनुभव सांगतो. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा एक उपक्रम राबविण्यात आला. गावातीलच स्त्रीपुरुषांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघरी मनाच्या आजारांविषयी बोलावे, खचलेल्यांना धीर द्यावा व गरज असेल त्यांना डॉक्टरांकडे पोचवावे, असे त्याचे स्वरूप होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले आणि आत्महत्येचे विचार मनात आलेल्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात ४१ गावांत ‘आत्मीयता’ नावाचा असाच प्रयोग झाला व पुढे तो गुजरातेतील मेहसाणा जिल्ह्यात नेण्यात आला. ह्या दोन्ही ठिकाणी मुख्य काम गावातीलच साध्या माणसांनी केले. त्यांचे साधन म्हणजे शांतपणे ऐकून घेणारा कान.

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातील हेरवाड ह्या गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून, पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे इत्यादी प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हे अनुकरण करावे, असे सुचविले. एका ठरावाने शेकडो वर्षांचा वेगळेपणा एका दिवसात जात नाही, हे खरे. परंतु गावाने एकत्र बसून आपल्याच एका माणसास परत आपल्यात घेण्याचे ठरविले, ही गोष्ट लहान नाही. "गाव करी ते राव न करी" ही म्हण येथे सार्थ ठरते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी सूचना

कृषि विभागाचे कर्मचारी, आशा, अंगणवाडी सेविका, बचत गटांच्या कार्यकर्त्या व ग्रामपंचायतीचे अधिकारी ह्यांचे घरोघरी जाणेयेणे असतेच. त्यासाठी नवी योजना किंवा वेगळा निधी लागत नाही. पुढील गोष्टी केल्यास पुष्कळ साधेल.

१. गावातील एकाकी घरांची यादी मनाशी तयार ठेवावी. एकटे वृद्ध, विधवा, ज्यांची मुले ऊसतोडीस वा शहरास गेली आहेत ती कुटुंबे, अपंग व्यक्ती, नापिकी झालेले शेतकरी आणि नव्याने आलेल्या सुना ह्यांचा तीत समावेश असावा. ही यादी चारचौघांत वाचून दाखवू नये. त्या माणसांस ती अपमानास्पद वाटेल.

२. भेटीचा वार ठरवावा व तो पाळावा. "कधीतरी येतो" ह्या शब्दाने एकट्या माणसास वाट पाहण्याचा त्रास मात्र होतो. महिन्यातून एकदाच जाता येत असेल तर एकदाच जावे, परंतु ठरल्या दिवशी जावे.

३. उभ्याउभ्या बोलू नये. ओटीवर टेकावे, पाणी घ्यावे. पिकाची चौकशी झाल्यावर माणसाची चौकशी करावी. "जेवणखाण वेळेवर होते ना? झोप लागते का? एवढ्यात कोणाकडे जाऊन आलात?" एवढे तीन प्रश्न पुरे आहेत. मग गप्प राहून ऐकावे. उपदेशाची घाई करू नये.

४. दया दाखवू नये, काम द्यावे. वृद्ध शेतकऱ्यास आपली गरज कोणाला तरी आहे, असे वाटणे हे औषधाइतकेच मोलाचे आहे. बियाण्याची उगवणशक्ती पाहण्याचा प्रयोग त्यांच्या अंगणात लावावा. जुन्या वाणांची माहिती त्यांच्याकडून उतरवून घ्यावी. पावसाची रोजची नोंद ठेवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे.

५. शेतीशाळा नेहमी रस्त्याकडेच्या शेतातच भरवू नये. जो शेतकरी कोठे येत नाही, त्याच्या बांधावर एखादा वर्ग घ्यावा, म्हणजे गाव त्याच्याकडे जाईल.

६. स्त्रियांशी बोलण्याचे काम स्त्री-कार्यकर्त्यांकडे द्यावे आणि घरातील इतरांपासून जरा बाजूस बसून बोलता येईल, असे पाहावे.

७. धोक्याची लक्षणे ओळखावीत. जेवण तुटणे, रात्र रात्र जागणे, जनावरे किंवा आवडत्या वस्तू अकारण देऊन टाकणे, निरवानिरवीची भाषा, "आता माझी काय गरज" असे उद्गार, ही लक्षणे दिसल्यास विषय टाळू नये. "जीव नकोसा वाटतो का?" असे शांतपणे व स्पष्टपणे विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात भरतो, हा समज खरा नाही. उलट विचारणारा भेटला म्हणून माणूस मोकळा होतो. अशा व्यक्तीस एकटे सोडू नये. घरात फवारणीची औषधे असल्यास ती कुलपात ठेवावीत किंवा शेजाऱ्याकडे हलवावीत. प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे आणि सोबत जावे. केंद्र शासनाची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती विनामूल्य, चोवीस तास व मराठीतही उपलब्ध आहे. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावा.

शेतकरी बंधुभगिनींसाठी

सर्वच काम कार्यकर्त्यांवर सोपवून चालणार नाही, कारण कार्यकर्ता महिन्यातून एकदा येतो आणि शेजारी रोज असतो. इर्जिकेची गरज नांगरटीसाठी उरली नसली तरी कंपोस्टचा खड्डा भरणे, बांध दुरुस्त करणे, पाट साफ करणे, काजूबागेतील रान काढणे, अशी कामे यंत्राने सहज होत नाहीत. वर्षातून चार दिवस ती सावडीने करावीत व शेवटी एकत्र जेवावे. त्यात वरच्या वाडीचे आणि खालच्या वाडीचे असा भेद करू नये. पंगत एकच असावी.

शेजारच्या घराचे दार रोजच्या वेळेला उघडले नाही, चुलीचा धूर दिसला नाही, कोंबड्या सोडल्या नाहीत, तर हाक मारावी. ह्यास चोंबडेपणा म्हणत नाहीत. सणाच्या दिवशी एकट्या माणसाकडे ताट पाठविण्यापेक्षा त्यास आपल्या पानावर बोलवावे. ज्यांचे आईवडील गावी आहेत त्यांनी फोनवर "पैसे पोचले का?" एवढ्यावर न थांबता "आज काय रांधले? कोण आले होते?" हेही विचारावे, आणि शेजाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक आपल्याजवळ ठेवावा.

ज्यांना स्वतःलाच एकाकी वाटते, त्यांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. सोबत मागण्यात कमीपणा नाही. बी मागताना, पाण्याची पाळी मागताना आपण लाजत नाही. मग घटकाभर बसण्याची मागणी करताना का लाजावे? त्यासाठी पिशवीत पान घेऊन येण्याची गरज पडू नये, अशी गावे व अशी कार्यालये आपण निर्माण केली पाहिजेत.

उपसंहार

ते वृद्ध शेतकरी तीन महिन्यांनी काठी टेकीत घरी परतले. त्यानंतर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी त्यांच्याकडे जाण्याचा नियम मी केला. त्यांच्या अंगणात एक पर्जन्यमापक बसविला आणि एक वही दिली. दोन पावसाळे त्यांनी रोज सकाळी नोंद केली. पलीकडच्या वाडीतील मुले ते मोजमाप पाहावयास येऊ लागली, त्यांच्याबरोबर त्यांच्या आयाही येऊ लागल्या, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची आठवण करून देण्याचे काम त्या मुलांनीच आपल्याकडे घेतले. एका मंगळवारी मला बैठकीमुळे जाता आले नाही. पुढच्या खेपेस त्या तारखेपुढे पावसाच्या आकड्याशेजारी बारीक अक्षरात लिहिलेले मी वाचले: "साहेब आले नाहीत."

ती नोंद मी माझ्या कामाची कसोटी मानतो. बियाणे किती वाटले, प्रात्यक्षिके किती घेतली, ह्यांचे रकाने आमच्या अहवालांत असतात आणि ते असलेच पाहिजेत. परंतु कोणाच्या अंगणात आपली वाट पाहिली जाते आणि आपण तेथे पोचलो की नाही, ह्याचा एक रकाना प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतःच्या दैनंदिनीत, शेवटच्या पानावर का होईना, आखून ठेवावा. ह्या खरिपापूर्वी आपल्या गावातील अशी पाच घरे शोधून काढावीत आणि पेरणीच्या गडबडीतही त्या घरी जाण्याचा वार चुकवू नये, एवढी सर्व सहकाऱ्यांस व शेतकरी बंधुभगिनींस विनंती आहे.